रिपोर्टमध्ये 'डेन्स' लिहून आलंय, आता काय करू?

पत्र :

ताई, माझं वय ४६. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच मॅमोग्राम केला, त्रास काही नव्हता, चाळिशी उलटली म्हणून डॉक्टर म्हणाले एकदा करून टाका. रिपोर्टमध्ये 'बायरॅड्स १' लिहिलंय आणि आणखी एक ओळ आहे, 'ब्रेस्ट डेन्सिटी कॅटेगरी सी, हेटरोजिनियसली डेन्स'. डॉक्टर म्हणाले सगळं नॉर्मल आहे, वर्षाने या. घरी येऊन नेटवर वाचत बसले तर तिथे लिहिलेलं की डेन्स ब्रेस्ट असले की कॅन्सर चार-पाच पट जास्त होतो आणि वर मॅमोग्राममध्ये दिसतही नाही. तेव्हापासून झोप उडालीय. माझ्या मावशीला ६८ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. मोठ्या बहिणीचा रिपोर्ट 'बी' आला, ती म्हणते मी सुटले, आता काही वर्षं बघायला नको. नवरा म्हणतो नॉर्मल म्हणजे नॉर्मल, फाइल ठेव कपाटात. मला तर हाताला काहीच घट्ट लागत नाही, मग डेन्स कसं काय? सी म्हणजे तिसरी स्टेज तर नाही ना? एमआरआय करून घेऊ का? आणि डेन्सिटी कमी करायला काही औषध, डाएट, मसाज असं आहे का?

उत्तर :

आधी त्या सी चं बघू, कारण तुझी अर्धी झोप तिथेच गेलीय असं दिसतंय. सी म्हणजे स्टेज नाही. अजिबात नाही. कॅन्सरच सापडलेला नसताना स्टेज कुठून येणार? मी रेडिओलॉजिस्ट आहे, असे रिपोर्ट रोज लिहिते, आणि हा गोंधळ इतक्या जणींचा होतो की मला आता वाटायला लागलंय दोष आमच्या लिहिण्यातच आहे. मॅमोग्राम म्हणजे स्तनांचा एक्स-रे, त्याच्या एकाच रिपोर्टमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात, एक आकडा आणि एक अक्षर. आकडा, म्हणजे ते बायरॅड्स, सांगतो आम्हाला काय सापडलं. १ म्हणजे काहीच नाही, २ म्हणजे काहीतरी आहे पण निरुपद्रवी (साधी सिस्ट, जुनं कॅल्शियम वगैरे), ३ म्हणजे बहुतेक साधंच आहे तरी सहा महिन्यांनी परत बघू, ४ आणि ५ म्हणजे तुकडा काढून तपासा (बायोप्सी), ६ म्हणजे कॅन्सर आहे हे आधीच माहीत आहे, आणि ० म्हणजे एवढ्यावर सांगता येत नाही, अजून फोटो काढा. तुझा आकडा १ आहे, यापेक्षा चांगला आकडा नसतो. अक्षर सापडण्याबद्दल नसतंच, ते ए ते डी असतं आणि तुझे स्तन कशाचे बनलेत एवढंच सांगतं.

कशाचे म्हणजे काय ते सांगते. प्रत्येक बाजूचे दोन, असे चार फोटो माझ्यासमोर स्क्रीनवर येतात, एक वरून दाबून काढलेला आणि एक तिरका, ज्यात काखेकडचा भागही येतो. चरबी त्यात काळपट-राखाडी दिसते, एक्स-रे तिच्यातून सहज आरपार जातात म्हणून. दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, नळ्या आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू पांढरे दिसतात. डेन्सिटी म्हणजे या पांढऱ्याचं काळ्याशी असलेलं प्रमाण, बाकी काही नाही. ए मध्ये पांढरं सर्वात कमी, डी मध्ये सर्वात जास्त. आता पंचाईत अशी की कॅन्सरची गाठसुद्धा पांढरीच दिसते. काळ्या भागात ५-६ मिलिमीटरची गाठ असली, कडा जरा काटेरी असल्या, तर नजर आपोआप तिथे जाते. तीच गाठ पांढऱ्या भागात असली की पांढऱ्या चादरीवर पडलेलं पांढरं बटण शोधायचं काम होतं. मग आम्ही दोन्ही बाजू शेजारी लावून बघतो, इकडे आहे आणि तिकडे नाही असं काही आहे का, टिश्यू कुठे आत ओढल्यासारखा दिसतोय का, मागच्या वर्षीच्या फोटोत हे होतं का. तरी काही वेळा राहतंच.

हाताला घट्ट लागत नाही मग डेन्स कसं, हा प्रश्न फार चांगला आहे कारण उत्तर बऱ्याच जणींना धक्का देतं. हाताला डेन्सिटी कळतच नाही. तुला नाही, गायनॅकला नाही, मलाही नाही. घट्ट लागणारे स्तन फोटोत काळे निघू शकतात आणि मऊ लागणारे पांढरेधोप. आकाराशीही काही संबंध नाही. हे फक्त मॅमोग्रामवर ठरतं.

आणि तू काही एकटी नाहीस. मॅमोग्रामच्या वयातल्या शंभर बायका घेतल्या तर ए मध्ये साधारण १०, बी मध्ये ४०, सी मध्ये ४० आणि डी मध्ये १०, असं ढोबळ वाटप असतं. सी आणि डी मिळून जे होतं त्यालाच डेन्स म्हणतात, म्हणजे जवळजवळ अर्ध्या बायका डेन्स! तरुणपणी तर प्रमाण आणखी जास्त, वय वाढेल तसं, विशेषतः पाळी गेल्यावर, पांढरं कमी होत जातं आणि चरबी वाढते. ४६ व्या वर्षी, पाळी चालू असताना, सी येणं यात नवल काहीच नाही.

अजून एक आतली गोष्ट सांगून टाकते. हे अक्षर बहुतेक ठिकाणी डोळ्याने ठरवतात. मोजायचं सॉफ्टवेअर आहे, पण सगळीकडे नाही. २०१३ पासून तर टक्क्यांची मोजपट्टीही काढून टाकली, आता एकूण रूप बघून आणि या पांढऱ्यात छोटी गाठ लपू शकेल का हे बघून अक्षर द्यायचं. त्यामुळे बी आणि सी यांच्यातली रेघ भयंकर पुसट आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये ८३ रेडिओलॉजिस्टचे रिपोर्ट तपासले होते, कोणी आपल्याकडच्या जेमतेम ६ टक्के बायकांना डेन्स म्हणत होता तर कोणी ८४ टक्क्यांना. तू आणि तुझी बहीण, एक सी आणि एक बी, उद्या दोघींचे फोटो दुसऱ्या कोणाच्या टेबलावर गेले तर अक्षरं उलटीही होऊ शकतात. म्हणून या अक्षरावर आयुष्याचे निर्णय टांगू नयेत असं माझं मत आहे. डी असेल तर गोष्ट थोडी वेगळी, त्यावर पुढे येते.

आता तुझ्या चार-पाच पट वर. हा आकडा खोटा नाहीये, पण तो जसा फिरतोय तसा त्याचा अर्थ नाही. डेन्सिटी आणि कॅन्सरचा संबंध पहिल्यांदा नीट मांडला तो अमेरिकेत डेट्रॉइटमधल्या जॉन वुल्फ नावाच्या रेडिओलॉजिस्टने, १९७६ मध्ये. तेव्हा पुष्कळ जणांना तो पटला नव्हता, लोक म्हणायचे की डेन्समध्ये आधी कॅन्सर लपतात आणि नंतर दिसतात म्हणून जास्त वाटतात. पण पुढे तीस वर्षं अभ्यास होत गेले आणि २००६ मध्ये ते सगळे एकत्र करून बघितलं तेव्हा ज्यांच्यात ७५ टक्क्यांहून जास्त पांढरं त्यांची रिस्क, ज्यांच्यात ५ टक्क्यांहून कमी पांढरं त्यांच्या मानाने, साधारण साडेचार पट निघाली. आता परत वाच. तुलना कोणाशी आहे? ज्यांच्यात पांढरं जवळजवळ नाहीच अशांशी. एका टोकाच्या थोड्या बायका आणि दुसऱ्या टोकाच्या थोड्या बायका. तू या दोन्ही टोकांना नाहीस, आणि तुझी तुलना त्या सर्वात कमी रिस्कवाल्यांशी करायचं काही कारणही नाही. सरासरी बाईशी तुलना केली की डी ची रिस्क साधारण दुप्पट निघते आणि सी ची सव्वा-दीड पटीच्या आसपास. चार-पाच कुठल्या कुठे गेलं बघ.

आणि पट हा प्रकारच फसवा आहे, कशाच्या पट ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. अमेरिकेतली आकडेवारी घेतली तर ४० वर्षांच्या बाईला पुढच्या १० वर्षांत ब्रेस्ट कॅन्सर होण्याची शक्यता साधारण दीड टक्का आहे, ५० व्या वर्षी ती अडीचच्या जवळ जाते. तुझ्या वयाला ढोबळ २ धर. त्याची दीड पट ३. म्हणजे तुझ्यासारख्या शंभर जणींपैकी सत्त्याण्णव जणींना पुढच्या दहा वर्षांत हा कॅन्सर होणार नाही. हा हिशोब मी खडूने फळ्यावर केल्यासारखा ढोबळ केलाय, तुझा स्वतःचा आकडा थोडा इकडे-तिकडे असेल, पण झोप उडावी असा तो नाही.

डेन्स टिश्यूमध्ये रिस्क थोडी का वाढते, तर ज्या पेशींमध्ये कॅन्सर सुरू होतो त्या नळ्या-ग्रंथींच्या पेशी तिथे जास्त असतात, आणि त्यांच्या भोवतीचे तंतू नुसते आधाराला नसतात, पेशींना वाढायचे इशारे तेही देतात. यातलं सगळं अजून उलगडलेलं नाही. एक मात्र लक्षात ठेव, डेन्स स्तन हा आजार नाही आणि आजाराच्या आधीची पायरीही नाही. डोळ्यांच्या रंगासारखी पूर्ण ठरलेली गोष्ट नसली तरी बरीचशी घराण्यातूनच येते, जुळ्या बहिणींवरच्या अभ्यासात दिसलंय की दोन बायकांच्या डेन्सिटीत जो फरक असतो त्यातला साधारण ६० टक्के जनुकांमुळे असतो. आणि ज्यांना कॅन्सर झाला त्यांच्यात डेन्सवाल्या जास्त दगावतात असंही अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलेलं नाही.

मावशीचं. मावशी म्हणजे दुसऱ्या फळीतलं नातं, आणि तिला झाला तो ६८ व्या वर्षी, पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर. अशाने तुझी रिस्क थोडी वर सरकते, पण थोडीच. आईला किंवा सख्ख्या बहिणीला झाला असता, किंवा कोणाला चाळिशीच्या आत, किंवा दोन्ही स्तनांत, किंवा घरात कोणाला ओव्हरीचा कॅन्सर असता, किंवा घरातल्या एखाद्या पुरुषाला ब्रेस्ट कॅन्सर (हो, होतो), तर मी तुला लगेच जेनेटिक काउन्सेलिंगला जा म्हटलं असतं. आईकडचंच नाही, वडिलांकडचंही विचार. आत्या आणि वडिलांची आई लोक सांगायलाच विसरतात, ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरची रिस्क वाढवणारा बीआरसीए जीनमधला बिघाड वडिलांकडूनही तितकाच येतो.

मग डेन्सिटीत काळजी करण्यासारखं काय आहे, तर ते लपणं. माझ्या मते रिस्कपेक्षा हा मुद्दा मोठा आहे. फॅटी, म्हणजे बहुतेक चरबीच असलेल्या, स्तनांमध्ये मॅमोग्राम दहापैकी आठ-नऊ कॅन्सर पकडतो, फार डेन्समध्ये सहाच्या आसपास. जे राहतात त्यातले काही दोन मॅमोग्रामच्या मधल्या काळात गाठ म्हणून हाताला लागतात. हे कायद्याच्या पातळीवर गेलं ते अमेरिकेतल्या नॅन्सी कपेलो या बाईंमुळे. दहाहून जास्त वर्षं न चुकता मॅमोग्राम, दरवर्षी नॉर्मल, आणि २००४ मध्ये निघाला तो पुढच्या स्टेजचा, लिम्फ नोडमध्ये गेलेला कॅन्सर. मॅमोग्रामवर तेव्हाही दिसला नाही, सोनोग्राफीत दिसला. तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं की त्यांचे स्तन डेन्स आहेत, डॉक्टरांना ते माहीत असायचं पण पेशंटला सांगायची पद्धतच नव्हती. त्यांनी पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये कनेटिकट राज्यात कायदा झाला की पेशंटला डेन्सिटी सांगायचीच. बाकीची राज्यं मागोमाग आली आणि १० सप्टेंबर २०२४ पासून तो नियम सगळ्या अमेरिकेला लागू झाला. त्यामुळे नेटवर याबद्दलचं लिखाण इतकं वाढलंय. सांगणं बरोबरच आहे, पण नुसतं 'तुम्ही डेन्स आहात' असं सांगून पेशंटला घरी पाठवलं की काय होतं ते तुझ्या पत्रात दिसतंय.

म्हणून तुझा नवरा म्हणतो ते अर्धंच खरं. नॉर्मल आहेच, पण सी मध्ये नॉर्मल म्हणजे 'दिसलं त्यात काही नाही', 'नाहीच' असं नव्हे.

आता एमआरआय. यावर सर्वात दमदार अभ्यास नेदरलँड्समधला आहे, २०१९ मध्ये आला. ५० ते ७५ वयाच्या ४० हजारांवर बायका, सगळ्यांचे मॅमोग्राम नॉर्मल, सगळ्या डी. काहींना जोडीला एमआरआय करायला बोलावलं, बाकीच्यांना नेहमीसारखं फक्त मॅमोग्राम. दोन मॅमोग्रामच्या मधल्या काळात उपटलेले कॅन्सर फक्त मॅमोग्रामवाल्यांमध्ये हजारी ५ होते, एमआरआयला बोलावलेल्यांमध्ये हजारी अडीच. म्हणजे अर्धे, आणि तेही बोलावलेल्या सगळ्या जणी एमआरआयला आलेल्या नसताना. जबरदस्त आहे हे, नाकारायचं कारण नाही. पण त्याच अभ्यासात एमआरआय केलेल्या हजार जणींपैकी जवळपास ८० जणींना पहिल्या फेरीत 'काहीतरी दिसतंय' म्हणून पुढच्या तपासण्या कराव्या लागल्या आणि शेवटी कॅन्सर निघाला नाही. जीव किती वाचले हे त्यात मोजलेलं नव्हतं. आणि मुख्य म्हणजे त्यात सी नव्हत्याच, तुझ्यासारखी एकही बाई त्यात नाही. युरोपातल्या ब्रेस्ट इमेजिंगच्या संघटनेने २०२२ मध्ये यावरून शिफारस केली की डी असलेल्या ५० ते ७० च्या बायकांना दर २ ते ४ वर्षांनी एमआरआय द्यावा. अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञ गटाने २०२४ मध्ये म्हटलं की अजून पुरेसा पुरावा नाही, हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. तज्ज्ञांमध्येच एकमत नाही, तेव्हा कोणी तुला छातीठोक काही सांगत असेल तर जरा जपून.

माझं मत विचारशील तर आत्ता एमआरआय नको. आत्ता असं का म्हणते, तर तुझ्या स्वतःच्या रिस्कचा आकडा काढायचा बाकी आहे. टायरर-क्युझिक नावाचं एक मॉडेल आहे, डॉक्टर कॉम्प्युटरवर तुझं वय, उंची-वजन, पाळी कधी सुरू झाली, पहिलं मूल कितव्या वर्षी, आधी कधी बायोप्सी झाली होती का आणि त्यात काय निघालं, घरात कोणाला कधी, आणि आताच्या आवृत्तीत डेन्सिटीसुद्धा, हे सगळं भरतात आणि आयुष्यभराची रिस्क टक्क्यात निघते. ती २० टक्के किंवा वर गेली तर दरवर्षी मॅमोग्रामसोबत एमआरआय असा सल्ला बऱ्याच ठिकाणी देतात. तू सांगितलेल्या माहितीवरून तू तिथे पोचशील असं वाटत नाही, पण आधीची एखादी बायोप्सी, किंवा लहानपणी-तरुणपणी छातीवर रेडिएशन घेतलेलं असेल तर चित्र बदलतं, तेव्हा हे डॉक्टरांना आवर्जून सांग.

सोनोग्राफी हा मधला मार्ग आहे. जपानमध्ये चाळिशीतल्या ७० हजारांहून जास्त बायकांवर अभ्यास झाला, म्हणजे बरोबर तुझ्या वयाच्या. नुसत्या मॅमोग्रामने ७७ टक्के कॅन्सर सापडले, सोनोग्राफी जोडल्यावर ९१ टक्के. त्याची किंमत म्हणजे खोटे अलार्म वाढले, ज्यांना काही नव्हतं अशा जास्त जणींना परत बोलवावं लागलं, काहींना सुई टोचून घ्यावी लागली. हे तुला चालेल का? काही जणींना चालतं, म्हणतात बायोप्सी झाली तरी बेहत्तर पण बघून टाका. काही जणी त्या मधल्या आठवड्यातच अर्ध्या होतात. हे डॉक्टर ठरवू शकत नाही, तूच ठरव. मी सी वाल्या चाळिशीतल्या बाईला सोनोग्राफीला नाही म्हणत नाही, फक्त ब्रेस्टची सोनोग्राफी रोज करणाऱ्या माणसाकडे कर म्हणते.

पण एक चूक करू नकोस, जी मला फार दिसते. 'डेन्समध्ये मॅमोग्रामला दिसत नाही ना, मग दाबून घ्यायचा त्रास कशाला, फक्त सोनोग्राफी करते.' असं नाही! अगदी सुरुवातीचे काही कॅन्सर गाठ होण्याआधी कॅल्शियमच्या बारीक ठिपक्यांच्या रूपात दिसतात, मिठाच्या कणाएवढे किंवा त्याहून लहान, आणि ते पांढऱ्या टिश्यूमध्येही मॅमोग्रामवर चमकतात कारण ते त्याहून पांढरे असतात. सोनोग्राफीत ते बहुतेक सुटतात. सोनोग्राफी जोडीला घ्यायची असते, मॅमोग्रामच्या जागी नाही. मशीन निवडायची सोय असेल तर थ्रीडी मॅमोग्राम घे, त्याला टोमोसिंथेसिस म्हणतात, त्यात टिश्यू पातळ थरांमध्ये बघता येतो आणि एकावर एक पडून जो गोंधळ होतो तो कमी होतो. डी असेल तर त्यालाही मर्यादा पडते, पण तू सी आहेस.

डेन्सिटी कमी करायचं विचारलंस. क्रीम, मसाज, सप्लिमेंट, कॉफी सोडणं, यातल्या कशानेही ती कमी होऊन कॅन्सर टळतो असं दाखवलेलं नाही, पैसे घालवू नकोस. टॅमॉक्सिफेन नावाच्या गोळीने ती कमी होते हे खरं, आणि रिस्कही कमी होते, पण ती रिस्क खूप असलेल्या बायकांना, फायदे-तोटे बघून देतात, तिचे साइड इफेक्ट आहेत, फोटो काळा दिसावा म्हणून घ्यायची गोळी नाही ती. उलट दिशेची एक गोष्ट मात्र लक्षात ठेव, पुढे पाळी जाताना त्रास झाला आणि कोणी हॉर्मोनच्या गोळ्या सुचवल्या तर तुझा सी चा रिपोर्ट त्यांना दाखव, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन एकत्र असलेल्या गोळ्यांनी बऱ्याच जणींची डेन्सिटी वाढते आणि अनेक वर्षं घेतल्या तर रिस्कही. घेऊच नये असं नाही, माहिती असून घ्यावं.

आणि यात एक गंमत आहे. वजन वाढलं की स्तनात चरबी वाढते, त्यामुळे फोटो काळा दिसतो, डेन्सिटी कमी येते. पण पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन कॅन्सरची रिस्क वाढवतं. म्हणजे अक्षर सुधारलं आणि रिस्क बिघडली! डेन्सिटीच्या मागे लागू नकोस असं मी म्हणते ते म्हणूनच. हाती असलेल्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत, हालचाल ठेवणं, वजन आटोक्यात, दारू नाही किंवा अगदी कमी. सगळ्यांना माहीत असतात, पण काम त्याच करतात.

पुढच्या वर्षी जाताना हा मॅमोग्राम, म्हणजे फक्त कागद नाही तर सीडी किंवा फोटो, सोबत ने. मला विचारशील तर डेन्स स्तनांमध्ये जुना फोटो हा नव्या मशीनएवढाच कामाचा असतो, कारण तिथे मी कॅन्सर ओळखण्यापेक्षा बदल ओळखत असते. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली तारीख घे, तेव्हा दुखतं कमी. त्या दिवशी डिओ आणि पावडर लावू नको, त्यातले कण फोटोत त्या कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि उगाच परत फोटो काढावे लागतात. दाबतात तेव्हा राग येतो हे मला माहितीये, पण नीट दाबलं तरच टिश्यू पसरतो आणि लपायची जागा कमी होते, त्यामुळे टेक्निशियनला 'जरा हलकं घ्या' म्हणू नकोस, दुखलं तर सांग, ती थांबते.

मधल्या काळात नवीन गाठ लागली, कातडी आत ओढली गेली किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसायला लागली, निपल आत गेलं, आपोआप रक्ताळलेलं पाणी आलं, एकाच बाजूला लाली आणि सूज आली जी जात नाहीये, तर वर्ष पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. 'अहो पण माझा मॅमोग्राम नॉर्मल होता' हे वाक्य तेव्हा स्वतःलाही सांगायचं नाही आणि दुसऱ्या कोणी सांगितलं तरी ऐकायचं नाही, विशेषतः तू सी आहेस म्हणून. गाठ हाताला लागत असेल तर सोनोग्राफी व्हायलाच पाहिजे, मॅमोग्राम काहीही म्हणो.

नवऱ्याला सांग फाइल कपाटात ठेवायला हरकत नाही, फक्त वर्षाने सापडेल अशी ठेव. आणि बहिणीशी जरा बोल. बी म्हणजे सुटका नाही, बी वाल्या बायकाच इतक्या आहेत की ब्रेस्ट कॅन्सर झालेल्यांमध्येही त्या भरपूर निघतात, ए मध्येही होतो. मावशी तिचीही तीच आहे, आणि ती तुझ्याहून मोठी, म्हणजे नुसत्या वयाने बघितलं तर तिची रिस्क तुझ्या जवळपास किंवा थोडी वरच असेल. तिचा मॅमोग्राम जास्त स्पष्ट दिसतो एवढाच तिचा फायदा आहे, आणि तो मॅमोग्राम केला तरच.